आधी लेव्हल, मग रॅम्प

अग्निशमन केंद्र, पोलीस ठाणं, रुग्णवाहिकेचा तळ अशा इमारतींना वाढीव बांधकाम करताना दिव्यांगांसाठीच्या तरतुदी कशा पाळायच्या, यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. मापं सगळीकडे मिलिमीटरमध्ये आहेत. जिथे मीटर आहे तिथे तसं लिहिलं आहे.

प्रश्न : आमच्या अग्निशमन केंद्राला बंब ठेवायचे दोन नवे गाळे आणि त्यांच्यावर कार्यालय असा विस्तार मंजूर झाला आहे. नकाशात रॅम्प दाखवला, तर केंद्रप्रमुख म्हणाले, ‘फायरमन सगळे धडधाकट, भरतीलाच धावून दाखवतात. इथे व्हीलचेअर कोणाची येणार? शिवाय आम्हाला कायद्यात सूट आहे.’ अशी सूट खरंच आहे का?
— कनिष्ठ अभियंता, नगरपरिषद, जि. सातारा

कायद्यात सूट आहे, पण ती पदांना आहे. इमारतीला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३४ मध्ये सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे आणि कामाचं स्वरूप पाहून एखाद्या आस्थापनेला त्यातून वगळण्याची मुभाही तिथेच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने भारतीय पोलीस सेवेला वगळलं ते याच कलमाखाली. इमारतीचा विषय कलम ४४ आणि ४५ मध्ये येतो. कलम ४४ म्हणतं की नकाशा केंद्राच्या सुगम्यता नियमांना धरून नसेल तर कोणत्याही आस्थापनेला बांधकाम परवानगी देऊ नये, आणि बांधून झाल्यावर नियम पाळलेले नसतील तर पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये, वापर सुरू करू देऊ नये. ‘आस्थापना’ या शब्दात सरकारी आणि खासगी दोन्ही येतात.

राहिला प्रश्न, येणार कोण. नाहरकत दाखल्यासाठी येणारा दुकानदार, आगीचा दाखला विमा कंपनीला द्यायचा म्हणून आलेली आजी, लिपिक, वायरलेस ऑपरेटर, शाळेची सहल. आणि केंद्रप्रमुखांना कलम २० चं चौथं उपकलम मुद्दाम वाचून दाखवा : नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही, त्याचा दर्जाही कमी करू शकत नाही. त्याला झेपेल अशा समान वेतनश्रेणीच्या पदावर घ्यावंच लागतं. छत कोसळून पाय गेलेला फायरमन उद्या याच इमारतीत वॉच रूमला किंवा नियंत्रण कक्षात बसणार आहे. बाहेरच्या कोणासाठी नको वाटत असेल तर निदान त्याच्यासाठी रॅम्प काढा.

मापं कुठली धरायची, हा पुढचा प्रश्न येईलच. केंद्राच्या सुगम्यतेविषयीच्या २०२१ च्या ‘हार्मोनाइज्ड गाइडलाइन्स’ धरा. ‘ती नुसती मार्गदर्शक तत्त्वं आहेत’ हा युक्तिवाद ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी खटल्याच्या निकालानंतर लंगडा झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखालच्या नियमांतला सुगम्यतेचा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, तो नेमका याच कारणासाठी. कायदा सक्तीची भाषा बोलतो आणि नियम मात्र शिफारशींवर सोडून देतो, हे चालणार नाही असं म्हणून किमान सक्तीची मापं वेगळी काढायला केंद्राला तीन महिने दिले. जुन्या विकास नियंत्रण नियमावल्यांतून उतरवलेलं १५०० × १७५० चं स्वच्छतागृह आजही नकाशांत दिसतं. ते मंजूर होईल कदाचित, पण त्यात खुर्ची वळत नाही. दोन मापांत फरक असेल तर मोठं धरा. भांडण मिटतं.

प्रश्न : त्याच प्रकारचं आमचं काम आहे. जोत्याची उंची ६००. आर्किटेक्टने गाळ्यांसमोरच्या काँक्रीटच्या उतारालाच ‘रॅम्प’ असं नाव देऊन टाकलं आहे. चालेल का?
— स्थापत्य अभियंता सहायक, जि. अहिल्यानगर

नाही, आणि इथे उताराच्या मापापेक्षा जागा जास्त चुकली आहे. गाळ्यासमोरचा उतार ही बंबाची वाट. घंटा वाजली की सोळा-सोळा टनांची गाडी त्यावरून सुटते, आणि चालकाचं लक्ष रस्त्यावरच्या रहदारीकडे असतं, उतारावर चढणाऱ्या व्हीलचेअरकडे नाही. अग्निशमन केंद्राच्या नकाशात सगळ्यात आधी दोन रेघा काढा. एक बंबाची, गाळ्यापासून रस्त्यापर्यंत. दुसरी माणसाची, फाटकापासून वॉच रूमच्या खिडकीपर्यंत. या दोन रेघा एकमेकींना कुठेही छेदत कामा नयेत. छेदत असतील तर अभ्यागतांसाठी फाटक वेगळं करा, कंपाउंडची भिंत फोडून १२०० चं फाटक काढणं हा साऱ्या कामातला सगळ्यात स्वस्त भाग असतो. दिव्यांगांसाठीची पार्किंगची जागा (३६०० × ५०००, प्रवेशापासून ३० मीटरच्या आत) याच दुसऱ्या रेघेवर ठेवा. ड्रिल यार्डात नको.

आता हिशेब. रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा (म्हणजे १२ पुढे गेल्यावर १ वर) तीव्र चालत नाही. ६०० जोत्याला १:१२ ने ७.२ मीटर नुसता उतार लागतो. खाली, वर आणि मध्ये १.५ मीटरचे सपाट थांबे धरले की सरळ रेषेत ११.७ मीटर. इतकी जागा पुढच्या बाजूला सहसा नसते, म्हणून रॅम्प दुमडायचा : ३.६ मीटरच्या दोन धावा शेजारी-शेजारी, मधला थांबा १.५ मीटर खोल आणि दोन्ही धावांच्या पूर्ण रुंदीचा. वरचा थांबा धरून लांबी ६.६ मीटरवर येते. धावेची रुंदी १५०० ठेवा. मधला कठडा आणि कडा धरून एकूण रुंदी साधारण ३.३ मीटर. सासवड असो की सावंतवाडी, उघड्यावरचा रॅम्प पावसाळ्यात निसरडा होतो. जागा असेल तर १:१५ घ्या. त्याच ६०० ला ९ मीटर लागतात, पण हाताने चाक फिरवणाऱ्याला फरक लगेच कळतो.

हे सगळं ज्या ६०० वर उभं आहे तो आकडा मात्र नकाशातून घेऊ नका. जागेवर लेव्हल पाइप लावून तयार फरशीपासून तयार पेव्हरपर्यंतचा फरक मोजा. नकाशातलं जोतं जमिनीच्या पातळीपासून धरलेलं असतं. त्यानंतर आतल्या फरशीचे ५० वाढतात, बाहेर पेव्हर कधी वर येतो कधी खाली राहतो. जोतं ६०० चं ६८० निघालं आणि रॅम्पची लांबी ७.२ मीटरच राहिली, तर चढ १:१०.६ झाला. शेवटच्या मीटरभरात गवंडी तो फरक ‘मारून’ नेतो, म्हणजे सगळ्यात तीव्र चढ बरोबर दारासमोर येतो, जिथे माणूस दमलेला असतो.

काही गोष्टी अंदाजपत्रकातच लिहा, नाहीतर जागेवर होत नाहीत. कठडा दोन्ही बाजूंना आणि दोन पातळ्यांचा : वरचा ९००, खालचा ७०० ते ७६० च्या दरम्यान. दोन्ही टोकांना ३०० पुढे काढून टोक खाली किंवा भिंतीकडे वळवलेलं. पकड ३८ ते ४५ जाडीची. इथे एक ठरलेली चूक होते. ‘४० मिमी पाइप’ असं लिहिलं की पुरवठादार ४० एनबी (हे पाइपच्या आतल्या व्यासाचं ढोबळ माप) आणतो, आणि त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ असतो. मुठीत येत नाही. ३२ एनबी लिहा, तो बाहेरून ४२.४ भरतो. उताराच्या उघड्या कडेला किमान ७५ उंचीची कड बांधा, पुढचं चाक घसरून बाहेर जाऊ नये म्हणून. पृष्ठभागाला झाडूची रेघ मारलेलं काँक्रीट किंवा फ्लेम फिनिश ग्रॅनाइट. पॉलिश कोटा नको. चौकटीची चेकर्ड टाइलही नको, लहान चाकं त्यावर थडथडतात आणि खाचांत शेवाळ धरतं.

प्रश्न : जुनी इमारत १९८० च्या दशकातली, जमीन काळी. नवा भाग शेजारी जोडतोय. जुनी फरशी आणि नवी फरशी एका पातळीत आणली तरी दोन पावसाळ्यांत जोडावर उंबरठा तयार होतो असा आमच्याकडचा अनुभव आहे. त्यावर उपाय?
— शाखा अभियंता, जि. परभणी

तुम्ही ज्याला उंबरठा म्हणता तो म्हणजे दोन इमारतींची वेगवेगळी हालचाल. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुनी इमारत चाळीस वर्षांत बसायची तेवढी बसली आहे, नवी अजून बसायची आहे. दोन्ही एकजीव करायला जाऊ नका, भेग दुसरीकडे पडेल. जोड मोकळा ठेवा आणि त्यावर सरकती पट्टी टाका : एका बाजूलाच स्क्रूने बसवलेली, कडा उतरत्या घासलेली, खाचा असलेली ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टीलची प्लेट. पातळीतला फरक १२ च्या आत राहायला हवा, आणि तेवढाही सरळ कापलेला नको, उतरता हवा.

पण खरा घोळ फरशीखालच्या भरावात असतो. पाया मुरमापर्यंत नेलेला असतो, भिंती जागच्या हलत नाहीत, फरशी मात्र खचते, कारण जोत्यातला भराव पायाच्या खोदाईतूनच निघालेल्या काळ्या मातीने केलेला. ती माती बाहेर काढा. मुरूम २०० च्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस नव्हे, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून भरा. त्यावर सोलिंग, त्यावर १०० चं काँक्रीट.

रॅम्पचंही तेच. तो इमारतीला टेकवून नुसत्या भरावावर ओतला की पहिल्या पावसाळ्यात वरचा थांबा ३०-४० ने खाली जातो आणि दारात नवी पायरी तयार होते. वरचा थांबा भरावावर टेकवू नका. तो जोत्याच्या बीममधून सळ्या काढून अधांतरी स्लॅब म्हणून करा, म्हणजे इमारत जिथे जाईल तिथे तोही जाईल. खाली रॅम्प बसला तर बसू दे. ती फट लांबच्या टोकाला येते, दारात येत नाही, आणि भरून काढता येते.

आणखी एक. जुन्या भागात पुढे कधीतरी ‘नवीन टाइल्स’ बसवायचं टेंडर निघतं. जुन्या फरशीवरच चिकटवल्या की २० ते २५ वाढतात. म्हणून नव्या भागाची पातळी ठरवण्याआधी खातेप्रमुखांना विचारून घ्या, जुनी फरशी उखडणार की तशीच ठेवणार. उत्तर लेखी घ्या.

प्रश्न : दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाची चौकट कशी असावी? आमच्याकडे बांधून पूर्ण झालेलं आहे पण कोणी वापरत नाही. सध्या झाडू-बादल्या ठेवल्या आहेत.
— आरोग्य निरीक्षक, जि. रायगड

बादल्या ठेवल्या आहेत याचा अर्थ बहुतेक वेळा आत खुर्ची शिरत नाही असा असतो. आधी दार मोजा. भिंतीतला गाळा १००० चा ठेवला, चौकटीचे दोन पाय ६०-६० चे गेले, उरले ८८०. दार नव्वद अंशांत उघडलं तरी त्याची ३५ ची जाडी आत येते. उरले ८४५. कायद्याला हवेत ९०० मोकळे. म्हणजे गाळा ११०० चाच ठेवायला हवा होता. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडणारं असेल आणि माणूस आत पडला, तर त्याच्याच अंगाने दार अडतं.

आतली जागा किमान २००० × २२००, मध्ये १५०० व्यासाचं वर्तुळ मोकळं. कमोडची मध्यरेषा बाजूच्या भिंतीपासून ४५० ते ४८० वर, बसायची उंची ४५० ते ४८०. दुसऱ्या बाजूला खुर्ची शेजारी लावता येईल अशी किमान ९०० जागा. बेसिन त्या जागेत घुसवू नका, हेच सगळ्यांत जास्त होतं. फ्लशचं बटण खुर्ची लागते त्या बाजूला घ्या. आणि धुण्यासाठीचा पाण्याचा जेट हा आपल्याकडचा मुद्दा कोणत्याही परदेशी नकाशात नसतो : तो मागच्या भिंतीत खोचला तर बसलेल्या माणसाचा हात पोचत नाही. बाजूच्या भिंतीवर, सीटच्या पुढच्या कडेच्या रेषेत घ्या.

आता पकडदांड्या. भिंतीच्या बाजूला आडवी, सीटपासून २०० वर, आणि मोकळ्या बाजूला वर उचलता येणारी. या दांड्या उपटून येतात याचं कारण दांडी नसते, भिंत असते. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) भिंतीत प्लास्टिकचा रावळ ठोकून स्क्रू मारला तर तो टॉवेल टांगण्यापुरता धरतो. दांडीवर पूर्ण वाढलेल्या माणसाचं सगळं वजन एका झटक्यात येतं. त्या भिंतीत दांडीच्या उंचीला १५० चा काँक्रीटचा पट्टा ओतून घ्या, किंवा तो भाग भरीव विटांचा करून रासायनिक अँकर लावा. तपासणी सोपी आहे : ठेकेदाराला सांगा, तुझी दोन माणसं लोंबकळून दाखव.

फरशीचा उतार जाळीकडे पण हलका, ‘पाणी तुंबू नये’ म्हणून दारात २० ची उडी ठेवायची जुनी सवय इथे मोडावी लागते. स्लॅब आधीच खाली धरला असेल तर हे सहज होतं, नंतर होत नाही. धोक्याची दोरी जमिनीपासून ३०० पर्यंत लोंबती ठेवा आणि तिची घंटा वॉच रूममध्ये वाजवा. कॉरिडॉरमध्ये वाजवून रात्री ऐकणार कोण?

बादल्यांसाठी मात्र वेगळं कपाट खरंच काढा. नाहीतर त्या परत तिथेच जातील.

प्रश्न : पोलीस ठाण्यावर पहिला मजला चढवतोय, लिफ्टला निधी नाही. दिव्यांगांचा जबाब पोलिसांनी घरी जाऊन घ्यायचा असतो ना? मग ठाण्यात एवढा खर्च कशाला, असं वर विचारतात.
— उपअभियंता, विदर्भ

घरी जाऊन घेता येतो हे खरं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ साक्षीसाठी दिव्यांग व्यक्तीला तिच्या घराबाहेर बोलावण्याची सक्ती करू देत नाही. पण तेच कलम म्हणतं की तिची तयारी असेल तर ती ठाण्यात येऊ शकते. ज्या घरात मारहाण झाली त्याच घरात बसून तक्रार कोण सांगेल? आणि २०१६ च्या कायद्यात ‘सार्वजनिक इमारत’ याची व्याख्या देताना कायदा-सुव्यवस्था राखणाऱ्या यंत्रणांचा नावानिशी उल्लेख आहे. तिथे पळवाट नाही.

लिफ्ट नसेल तर नकाशा उलटा वाचा. लोकांचा संबंध येतो ते सगळं तळमजल्यावर : ठाणे अंमलदार, महिला कक्ष, पासपोर्ट पडताळणी, जबाबाची एक बंद खोली, स्वच्छतागृह. वर काय जाईल? अभिलेख, बॅरक, भांडार. अधिकाऱ्याचं दालन वर न्यायची हौस असते, पण त्याला भेटायलाच लोक येतात. आणि लिफ्टची जागा आत्ताच सोडा. १३ माणसांच्या, म्हणजे ८८४ किलोच्या लिफ्टची विहीर आणि तिचा खड्डा पायासोबत काढून ठेवला, वर स्लॅबमध्ये कापायचा चौकोन वेगळ्या बीमने बांधून ठेवला, तर पुढच्या वर्षी निधी आल्यावर जुन्या पायाशेजारी खोदकाम करावं लागत नाही. तोवर त्या विहिरीचा तळमजल्यावरचा भाग झाकून कपाट म्हणून वापरा.

मात्र लिपिक, सायबर किंवा वायरलेस यांपैकी काही वर जाणार असेल तर तिथे नोकरी करणाऱ्याचाही विचार आला. मग ‘नंतर बघू’ चालत नाही.

ठाणे अंमलदाराचं टेबल कडाप्प्याच्या ११०० उंचीच्या ओट्यामागे असतं. त्यातला ९०० रुंदीचा तुकडा ७५० ते ८०० उंचीवर आणा आणि खाली गुडघे जायला ४८० खोल जागा मोकळी ठेवा. खाली पेपरचा खण केला की सगळं फुकट गेलं. अंमलदाराच्या पाठीमागे खिडकी नको. ओठ वाचून समजून घेणाऱ्याला त्या उजेडात चेहरा काळा दिसतो.

आणि मुद्देमालाची वाहनं. रॅम्प कितीही नेटका बांधा, त्याच्या तोंडाशी जप्तीच्या दुचाकी उभ्या राहतात, कारण आवारात तीच एक सपाट जागा उरते. पाट्या लावून हे थांबलेलं नाही. मुद्देमालासाठी मागच्या बाजूला कुंपण घातलेली जागा याच अंदाजपत्रकात घ्या आणि रॅम्पच्या तोंडाशी लोखंडी खुंट रोवा, मध्ये ९०० ते १००० अंतर ठेवून. खुर्ची जाते, दोन गाड्या शेजारी लागत नाहीत.

प्रश्न : ठेकेदाराने सगळ्या आवारात पिवळ्या ठिपक्यांच्या टाइल्स लावल्या आहेत. दिसायला छान दिसतं. बरोबर आहे का?
— नगरसेवक, जि. जळगाव

नाही. या टाइल्स अंध माणसाला पायाखालून वाट सांगतात. ठिपके म्हणजे ‘थांब, पुढे काहीतरी आहे’. रेघा म्हणजे ‘या दिशेने चल’. सगळीकडे ठिपके म्हणजे प्रत्येक पावलाला थांब. फाटकापासून रॅम्पपर्यंत आणि दारापासून चौकशी खिडकीपर्यंत रेघांची एक सलग पट्टी. पायरी, रॅम्प, दार यांच्या ३०० आधी ठिपके. वळणावर ठिपके. बाकी आवार साधं. पट्टीच्या दोन्ही अंगांना ६०० मोकळं हवं, आणि ती खांबात किंवा मॅनहोलच्या झाकणात जाऊन संपत नाही हे स्वतः चालून पाहा. बंबाच्या वाटेवर या टाइल्स लावूच नका : तुटतात, आणि अंध माणसाला नेमकं नको तिकडे घेऊन जातात.

प्रश्न : केंद्रात सायरन आहेच. कर्णबधिर अभ्यागतांसाठी वेगळं काही लागतं का?
— अग्निशमन विमोचक, जि. ठाणे

लागतं, दोन ठिकाणी. बंब सुटताना गाळ्याच्या दोन्ही अंगांना आणि अभ्यागतांच्या फाटकाशी लुकलुकणारा दिवा, घंटेच्याच सर्किटवर, म्हणजे वेगळं बटण दाबायचं राहून जात नाही. आणि इमारतीतल्या आगीच्या गजराला जोडून दिवे : स्वच्छतागृहात, विश्रांतीच्या खोलीत, जिथे माणूस एकटा असतो तिथे. लुकलुक सेकंदाला एक ते तीन वेळा इतकीच. जास्त वेगाचा प्रकाश फेफरं येणाऱ्यांना त्रासदायक ठरतो. गजराचं बटण आणि विजेची बटणं ८०० ते ११०० उंचीत घ्या. जनरेटर आहेच, तर लिफ्ट असल्यास ती त्यावर घ्यायला विसरू नका.

प्रश्न : अंतिम बिलाआधी जागेवर नेमकं काय तपासायचं? मोजमाप पुस्तिकेत ‘रॅम्प, नग १’ एवढंच येतं.
— कनिष्ठ अभियंता, जि. सांगली

‘नग १’ हीच पहिली दुरुस्ती. रॅम्पची बाब घनमीटर, चौरस मीटर आणि धाव मीटरमध्ये फोडून मागा : भराव, काँक्रीट, पृष्ठभाग, कठडा. फोडलेली बाब मोजता येते, आणि मोजता येते ती अडवता येते.

जागेवर न्यायचं सामान : एक मीटरची पाणसळ, टेप, ९०० लांबीची लाकडी पट्टी आणि एक व्हीलचेअर. पाणसळ रॅम्पवर उताराच्या दिशेने ठेवा, खालचं टोक बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचला आणि त्या टोकाखालची फट मोजा. ८३ किंवा कमी असेल तर १:१२ पाळला गेला. ६७ असेल तर १:१५. १०० निघाली तर १:१०, तोडायला सांगा. हे प्रत्येक मीटरला करा, सरासरी काढू नका. सरासरी बरोबर येते आणि शेवटचा मीटर चुकलेला असतो. मग पाणसळ आडवी ठेवा, फट २० च्या वर नको. थांब्यांवर दोन्ही दिशांनी पाहा. थांबा उतरता असेल तर खुर्ची हात सोडल्याबरोबर घरंगळते.

लाकडी पट्टी प्रत्येक दारात आडवी धरा, दार पूर्ण उघडून. अडली तर नोंद करा. गटाराच्या जाळीत फटी १२ च्या आत आणि चालण्याच्या दिशेला आडव्या आहेत ना, पाहा. उभ्या असतील तर पुढचं चाक अडकतं. हे जाळी उचलून फिरवून बसवण्याचं काम आहे, पाच मिनिटांचं, पण कोणी करत नाही.

शेवटी खुर्ची. तीत धडधाकट अभियंत्याने बसून फेरी मारण्यापेक्षा गावातल्या रोज खुर्ची वापरणाऱ्या माणसाला बोलवा आणि फाटकापासून स्वच्छतागृहापर्यंत एकट्याने जायला सांगा. आपण मागे, हात न लावता. तो जिथे अडेल तिथे खडूने खूण करा आणि त्या खुणांची यादी दोष-दुरुस्तीच्या पत्राला जोडा.

प्रश्न : मी व्हीलचेअर वापरतो. आमच्या गावच्या ठाण्यात तीन पायऱ्या आहेत, नवी खोली बांधली तिलाही पायऱ्याच केल्या. तक्रार कुठे करायची?
— एक वाचक, जि. कोल्हापूर

आधी त्याच कार्यालयात. कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, पण हे कलम नोकरीतल्या भेदभावाबद्दल आहे, म्हणून त्यावर थांबू नका. पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. त्यांच्याकडे साध्या कागदावर अर्ज करा. वकील लागत नाही. अर्जात दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा. जुन्या पायऱ्या हा कलम ४५ चा भंग : अस्तित्वातल्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायची पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये संपली. नवी खोली हा कलम ४४ चा भंग, आणि तो जास्त भक्कम मुद्दा आहे. त्यासाठी माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा : मंजूर नकाशा, अंदाजपत्रक आणि पूर्णत्वाचा दाखला. नकाशात रॅम्प आहे आणि जागेवर नाही, असं निघालं तर पैसे कुठल्या बाबीवर गेले हेही त्याच कागदांतून दिसेल. पायऱ्यांचा फोटो काढताना शेजारी टेप उभा धरा, उंची वाचता येईल असा. दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे : पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजार ते पाच लाख.

तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५० चा चढ. १:१२ ने ५.४ मीटर उतार, थांबे वेगळे. अर्जासोबत हा हिशेब आणि जागेचं कच्चं रेखाटन जोडा. ‘जागा नाही’ हे उत्तर पहिलं येतं, आणि त्याचं उत्तर तयार असलेलं बरं.